साखऱ्याचे मामू

मामूंना हळू बोलता येत नसे. प्रयत्न केला तर त्यांना खोकला येई.

आमच्या केअर होममध्ये सगळे हळू बोलतात. नर्स हळू बोलतात, डॉक्टर हळू बोलतात, आईवडिलांना भेटायला आलेली मुलंसुद्धा काचेचं दार ओलांडलं की आपोआप आवाज खाली घेतात. दोह्याच्या बाहेरच्या अंगाला, खजुरीच्या झाडांमागे उभी असलेली ही इमारत इतकी शांत असते की एसीची घरघर तेवढी ऐकू येते. त्या इमारतीच्या लॉबीतून एका सकाळी अस्सल मराठीत आरोळी आली, "चल रे माझ्या राजा, लाजतोस काय नव्या नवरीवानी!"

मी मूळची वसईची. कतारमध्ये नर्स म्हणून येऊन बरीच वर्षं झाली होती, पण मराठी कानावर पडायची ती घरी नवऱ्याच्या तोंडून, नाहीतर शुक्रवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात. ड्यूटीवर हिंदी, इंग्रजी आणि मोडकंतोडकं अरबी. म्हणून हातातलं काम तसंच टाकून मी जिन्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं. साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. दाढी मेंदीने लाल, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, अंगात कडक इस्त्रीचा निळा गणवेश. त्यांच्या हातातल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक घोडा होता, आणि तो घोडा रिसेप्शनच्या टेबलाएवढाही उंच नव्हता. तपकिरी अंग, पांढरी आयाळ, कपाळावरचे केस डोळ्यांत आलेले.

"शिंगरू आहे का हो?" मी वरूनच विचारलं.

मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला, पण उत्तर ठणकावून आलं. "शिंगरू कशाला? चांगला बाप्या घोडा हाय! कद लहान हाय म्हणून काय झालं?"

त्यांचं नाव उस्मान. पण तबेल्यातल्या सुदानी पोरांपासून आमच्या मेट्रनबाईंपर्यंत सगळे त्यांना मामूच म्हणत. माथेरानचे पिढीजात घोडेवाले. घर खाली नेरळजवळच्या गावात, धंदा वर डोंगरावर. तरुणपणी ओळखीच्या एकाबरोबर कतारला आले ते एका बड्या कुटुंबाच्या तबेल्यात अरबी घोडे सांभाळायला. तिथं त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. मग एकदा एका बुजलेल्या घोडीने त्यांना भिंतीशी दाबलं, गुडघा कायमचा गेला आणि मोठे घोडे त्यांच्या हातून काढून घेतले गेले. त्याच तबेल्यात हा छोटा घोडाही रिकामा उभा होता. मालकिणीच्या मुलांसाठी आणलेला. मुलं मोठी झाली, गाड्या चालवायला लागली. त्या मालकिणीचे वडील शेवटच्या दिवसांत आमच्याकडे होते. त्यांच्या आठवणीसाठी तिनेच सुचवलं की दर आठवड्याला एकदा घोडा इथल्या लोकांना भेटायला येऊ दे. घोडा रिकामा, माणूसही रिकामा. दोघांची जोडी लावून दिली.

"पहिल्या दिवशी मला रडायलाच येत होतं," मामूंनी मला पुढे एकदा सांगितलं. "सगळी उमर अरबी घोड्यांमागं गेली, आणि आता ही बकरी घेऊन म्हाताऱ्यांपुढं नाचवायची! मी गाडीत त्याला बोललो पण, बकरी. त्याने माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं! मग मीच माफी मागितली."

घोड्याचं मूळ नाव सुक्कर, म्हणजे अरबीत साखर. पण मराठी कानाला ते भलत्याच जनावराच्या जवळ जातं. "आमच्या तोंडी ते येणार नाय," असं म्हणून मामूंनी त्याचं साखऱ्या करून टाकलं. बघता बघता फिलिपिनो नर्स, नेपाळी सफाईवाले, लेबनॉनी आजीबाई सगळेच 'साकऱ्या, साकऱ्या' करायला लागले. कतारमधल्या एवढ्या लोकांना एक मराठी शब्द शिकवणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

आमच्या फरशा आरशासारख्या. पहिल्याच दिवशी साखऱ्याचे चारही पाय चार दिशांना गेले. मेट्रनबाई केरळच्या, शिस्तीच्या एकदम कडक; त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, याची सोय होत नसेल तर घोडा नको. मामू बाजारात लहान मुलांच्या बुटांच्या दुकानात गेले. एकसारखे दोन जोड मागितले. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "जुळी आहेत का?" मामू म्हणाले, "नाय, एकच हाय." तो दुकानदार म्हणे पैसे घेईपर्यंत पुढे काही बोललाच नाही. पुढच्या खेपेला साखऱ्या लाल पट्ट्यांचे चार बूट घालून टपटप करत आला आणि मेट्रनबाईंनी तोंड फिरवून घेतलं, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

दर भेटीच्या आधी मामू घोड्याला आंघोळ घालत, आयाळ विंचरत, आणि मग स्वतः अत्तर लावून तयार होत. खोलीच्या दारात थांबून आधी घोड्याची ओळख करून देत, मग स्वतःची. आणि मग माथेरानच्या स्टेशनात उतरलेल्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारत, "बोला, कुठं जायचं?"

आमच्या लोकांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यांना आम्ही विचारतो, दुखतंय का, जेवलात का, संडासला झाली का. अपघातात दोन्ही पाय गेलेले एक ट्रक ड्रायव्हर होते, त्यांनी पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा बराच वेळ मामूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "पेशावर." "यल्ला, चला!" मामू गरजले. दोरी त्यांच्या हातात दिली, मी व्हीलचेअर ढकलली, आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत आम्ही पेशावरला जाऊन आलो. वाटेत मामू रस्त्याचं वर्णन करत होते. त्यांनी पेशावर काय, माथेरान, कतार आणि मधला मुंबई विमानतळ सोडून काही पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे पेशावर असो नाहीतर त्रिशूर, मामूंच्या रस्त्यात लाल माती, दाट झाडी आणि माकडं यायचीच. ट्रक ड्रायव्हर एकदा म्हणाले, "पेशावरला माकडं नाहीत." मामू म्हणाले, "तुम्ही गेलात तेव्हा नसतील."

थापा मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. माथेरानला त्यांच्या घोड्यावर म्हणे एक फार मोठी नटी बसली होती आणि उतरताना रडली होती. ही नटी दर वेळी वेगळी असे. मी एकदा म्हटलं, "मामू, मागच्या आठवड्यात दुसरीचं नाव घेतलं होतंत." जराही न गडबडता ते म्हणाले, "ती पण रडलेली."

पण सुरुवातीला त्यांना एक गोष्ट जमत नसे. ज्यांना काही आठवत नाही अशा लोकांशी ते वाद घालत. मादाम नादिया नावाच्या लेबनॉनी शिक्षिका होत्या. त्या रोज खिडकीशी उभ्या राहून शाळेची बस आली का विचारायच्या. मामूंनी मोठ्या आवाजात त्यांना समजावलं की बस नाही, शाळा नाही, तुम्ही आता म्हाताऱ्या झालात. मादाम ढसाढसा रडल्या. मामू घाबरून माझ्याकडे आले. "मी खरं तेच बोललो ना?"

"खरं बोललात. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "त्यांची बस त्यांना ठाऊक. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा."

"म्हणजे खोटं बोलू?"

"काहीच बोलू नका."

मामूंसाठी ही सर्वांत अवघड शिक्षा. पण पुढच्या आठवड्यात मी पाहिलं तर खिडकीशी तिघं उभी होती. मध्ये मादाम, एका बाजूला साखऱ्या, दुसऱ्या बाजूला तोंड घट्ट मिटून मामू. तिघांची नजर रस्त्यावर. थोड्या वेळाने मादामनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, आज ट्रॅफिक फार आहे. मामूंनी नुसती मान हलवली.

आता उम्म सालेमबद्दल सांगितलं पाहिजे. उम्म सालेम म्हणजे सालेमची आई. इकडे बाईला अशीच मुलाच्या नावाने हाक मारतात. ती जुन्या दोह्याची कतारी बाई. मुलाने लुसैलला एका उंच टॉवरात घर घेतलं, जुनं अंगणाचं घर पाडलं गेलं, आणि ती त्या उंचावर राहायला गेली. तिथं तिला चक्कर यायची. एक दिवस पडली, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर आमच्याकडे आली ती भिंतीकडे तोंड करूनच. कुणाशी शब्द नाही. मुलगा दर शुक्रवारी यायचा, कपाळाचं चुंबन घ्यायचा, तासभर बसायचा, आणि ती भिंतीकडे बघत असायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. वाचा शाबूत होती. तिला बोलायचंच नव्हतं.

मामू दर आठवड्याला तिच्या दारात थांबत. सलाम करत, घोड्याची ओळख करून देत, आपला प्रश्न विचारत. पाठ हलायची नाही. मामू म्हणत, "बरं, पुढच्या खेपेला," आणि पुढे जात. मी एकदा म्हटलं, "आत जाऊन घोडा जवळ नेऊन तर बघा." त्यांनी मला दटावलं. "बाईमाणसाच्या खोलीत बोलावल्याशिवाय जाऊ काय? साखऱ्याला पण तेवढी रीत हाय."

असे कितीतरी आठवडे गेले. आणि मग एका सकाळी, नेमका उम्म सालेमच्या दारात, मामूंचा सलाम चालू असताना, साखऱ्याने पाय फाकवले आणि मुतायला सुरुवात केली. एवढ्याशा घोड्याच्या पोटात एवढं पाणी असेल असं कुणालाही वाटलं नसतं. ते कॉरिडॉरभर पसरलं. मामूंची तारांबळ उडाली. ते एका हाताने बादली ओढतायत, दुसऱ्या हाताने घोडा सरकवतायत, आणि मराठीत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय. मी टॉवेल घेऊन धावले. तेवढ्यात खोलीतून आवाज आला. आधी मला वाटलं, बाईला ठसका लागला. वळून पाहिलं तर उम्म सालेम आमच्याकडे तोंड करून हसत होती. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मग हसू थांबलं आणि तिने अरबीत खणखणीत हुकूम सोडला, "ए अबू हसान! आधी ते पूस!"

अबू हसान, म्हणजे घोड्याचा बाप.

त्या शुक्रवारी तिचा मुलगा आला तेव्हा तिने त्याला अर्धा तास झापलं. घर पाडल्याबद्दल, अंगणातलं बोरीचं झाड तोडल्याबद्दल, आणि आपल्याला पक्ष्यासारखं उंचावर टांगल्याबद्दल. एवढा मोठा माणूस, बाहेर येऊन भिंतीला टेकून रडला. पुढच्या आठवड्यात तो मुद्दाम मामूंना भेटायला आला. त्यांचा हात दोन्ही हातांत धरून विचारलं, "तुम्ही काय केलंत माझ्या आईला?"

मामू म्हणाले, "मी काय नाय केलं, साहेब. साखऱ्याने केलं."

तेव्हापासून उम्म सालेमची खोली हा मामूंचा शेवटचा मुक्काम झाला. ती सॅलडमधलं गाजर रुमालात बांधून ठेवी. दारात एक खुर्ची ठेवायला लावी, कारण मामूंचा गुडघा दुखतो हे तिने लगेच ओळखलं होतं. साखऱ्या डोकं तिच्या मांडीवर टेकून उभा राही आणि ती त्याच्या आयाळीच्या बारीक वेण्या घालत बसे. बोलणं म्हणजे बहुतेक झापणंच. दाढीला मेंदी जास्त लावलीस. घोडा लठ्ठ केलास. एवढ्या वर्षांत तुला धड अरबी येत नाही. मामू सगळं ऐकून घेत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "काय बाई हाय! आमची मामी अशीच बोलते."

मामी म्हणजे त्यांची बायको. नेरळजवळच्या घरात ती एकटी असे. मुलगी लग्न होऊन पनवेलला. भेट आटोपली की मामू मागच्या बागेत सावलीला साखऱ्याला बांधत आणि तिला फोन लावत. स्पीकरवर. त्यांचा आवाज आणि मामीचा आवाज यांत डावं-उजवं ठरवणं कठीण. आम्हा सगळ्यांना त्यांच्या घरची सगळी बातमी असे: कौलं शाकारली, कोंबडी खुडूक बसली, शेजारणीशी बिनसलं. मामू इथली बातमी तिला देत. उम्म सालेम प्रकरण तिने तीनदा सांगायला लावलं होतं आणि तिन्ही वेळा तेवढीच हसली होती. दोन वर्षांतून एकदा मामू सुट्टीवर जात. बाकी संसार या फोनवर चालला होता.

हळूहळू त्या फोनमध्ये काहीतरी बदलायला लागलं. मामी एकच गोष्ट पुन्हा विचारायची. जेवलात काय? जेवलो. मग लगेच, जेवलात काय? मीठ कुठे ठेवलं ते सापडत नाही म्हणून ती मामूंना विचारायची, कतारला. मामू आधी हसण्यावारी नेत. एका सकाळी त्यांनी फोन लावला, "काय गो, काय करतेस?" आणि पलीकडून परक्या माणसाशी बोलावं तसा अदबीचा आवाज आला, "ते घरी नाहीत. कतारला असतात. नंतर फोन करा." फोन बंद.

मामू मोठ्याने हसले. त्या दिवशी त्यांनी हा किस्सा सगळ्या मजल्यांवर सांगितला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. तेव्हा त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी बाजूलाच होते म्हणून मला कळलं.

"पोरी," ते म्हणाले. एरवी मला 'सिस्टर' म्हणत. "मादाम नादियांना जे झालंय, तेच काय हे?"

दुरून सांगता येत नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं, असं मी म्हटलं. मुलीने पनवेलला नेऊन दाखवलं. तेच निघालं.

"बरं होतं काय यातून?"

"नाही, मामू. वाढत जातं."

ते वाकून साखऱ्याच्या बुटाचा पट्टा सारखा करत राहिले. तो नीटच होता.

त्यानंतरचे कितीतरी महिने मामू घरी जायचं नुसतं बोलत राहिले. पुढच्या रमजानला जाऊ, इन्शाल्ला. उन्हाळा सरला की बघू. मुलगी अधूनमधून जातेच की. शेजारीण चांगली आहे. साखऱ्या दुसऱ्याच्या हातून दाणा खात नाही. आणि ही सगळी माणसं? यांना कोण बघेल? आम्ही त्यांना अडवत नव्हतो, पण जा असंही कुणी म्हणत नव्हतं. मामू येणार म्हटलं की आमच्या मजल्यावर सकाळपासून केस विंचरले जात, चांगले कपडे मागितले जात. असा माणूस जावा असं कुणाला वाटेल?

'जा' असं शेवटी उम्म सालेमने म्हटलं. एक दिवस साखऱ्याची वेणी घालता घालता तिने मामीची चौकशी केली. मामूंनी आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं की तिला आता माझा आवाज ओळखू येत नाही. उम्म सालेमचे हात थांबले.

"आणि तू इथे काय करतोस?"

"तुमच्याकडे येतो," मामू म्हणाले. त्यांना वाटलं, तिला बरं वाटेल.

"माझ्या दाराशी तू इतके आठवडे येऊन उभा राहिलास," ती म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून मी औषधांचा ट्रे हातात घेऊन तशीच थांबले. "मी पाठ केली होती, तरी आलास. मी तुझी कोण? आणि तिच्या दाराशी कोण उभं राहतं, अबू हसान?"

मामू हातातल्या दोरीला वेढे घालत राहिले.

"घोडा दुसरा कुणी आणेल," ती म्हणाली. "ऊठ. जा."

मामू उठले. गुडघ्यामुळे त्यांना उठायला नेहमीच वेळ लागे. त्या दिवशी जरा जास्तच लागला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सिस्टर, खलास. मालकिणीशी बोलतो."

मालकीण भली बाई होती, तिने अडवलं नाही. तबेल्यातल्या इद्रिस नावाच्या सुदानी मोतद्दाराला मामू दर खेपेला बरोबर आणू लागले. इद्रिस गुणी माणूस, पण त्याचा आवाज इतका मऊ की अर्ध्या लोकांना तो आल्याचं कळतच नसे. मामू त्याला लॉबीत उभं करून ओरडायला शिकवत आणि मेट्रनबाई कानांवर हात ठेवत. साखऱ्याने आधी इद्रिसच्या हातचं गाजर नाकारलं, मग मामू बघत नाहीत असं पाहून गुपचूप खाल्लं. मामूंनी ते पाहिलं होतं. "गद्दार," ते म्हणाले, आणि डोळे पुसले.

शेवटच्या दिवशी त्यांनी प्रत्येक खोलीत जाऊन सांगितलं, मी चाललो. ट्रक ड्रायव्हर म्हणाले, "तिकडे माकडांना सलाम सांगा." मादाम नादियांना सांगितलं, तेव्हा त्यांनी प्रेमाने निरोप दिला आणि दोन मिनिटांनी विचारलं, पुढच्या आठवड्यात येणार ना? मामूंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा निरोप झाला. असं चार-पाच वेळा झालं आणि प्रत्येक वेळी मामूंनी पहिल्यांदाच निघाल्यासारखा निरोप घेतला.

उम्म सालेम त्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली होती. मामू दारातल्या खुर्चीवर बसले. मग तिने न वळताच उशीखालून नमाजाची एक ओढणी काढली, घडी केलेली, ऊदाचा वास येणारी, आणि मागे हात करून धरली. "तुझ्या बाईला," ती म्हणाली. मामूंनी ती डोळ्यांना लावली. "अल्ला तुम्हाला राजी ठेवो," असं काहीतरी ते अरबीत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही.

पुढच्या नाताळात मी वसईला गेले, तेव्हा दिराची गाडी घेऊन एक दिवस नेरळच्या बाजूला पोचले. घर शोधावं लागलं नाही. वळणावरच मामूंचा आवाज ऐकू आला. कौलारू, नीटनेटकं घर. अंगण सारवलेलं. पडवीत मामू वालाच्या शेंगा सोलत बसले होते. दाढीला मेंदी नव्हती, पांढरीशुभ्र झाली होती. मला बघून धडपडत उठले आणि आत ओरडले, "अगो, बघ तरी कोण आलंय, कतारची सिस्टर!"

मामी बाहेर आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. चेहऱ्यावर कुठे गोंधळ नाही. मला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं, आणि समोर बसून विचारलं, "तुम्ही कतारच्या? आमचे हे पण तिकडंच असतात. भेटतात काय तुम्हाला?"

मी मामूंकडे पाहिलं. ते शेंगा सोलत होते.

"भेटतात की," मी म्हटलं. "दर आठवड्याला भेटतात."

"बरे हायत ना? जेवतात काय वेळेवर?"

"जेवतात. छान आहेत. सगळ्यांना हसवतात."

मामींना फार बरं वाटलं. "पहिल्यापासून तसेच ते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे सरकून, मामूंकडे डोळ्याने खूण करून, त्यांना वाटलं तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा माणूस पण चांगला हाय हं. पाणी भरतो, भांडी घासतो, माझी वेणी पण घालतो. पण मी याला रोज बोलते, बाबा, तुझं घर असेल, बायको असेल. ती वाट बघत असेल. जा तू आता."

"जातो," मामू म्हणाले. "शेंगा झाल्या की जातो."

मी तिन्हीसांजेला निघाले, तेव्हा ते गाडीपर्यंत पोचवायला आले. मी विचारलं, "खरंच रोज घालवतात तुम्हाला?"

"रोज. मग मी जातो. मशिदीपर्यंत जाऊन येतो. परत आलो की कधी ओळखते. बोलते, आलात काय, कधी आलात, किती वाळलात! त्या दिवशी आमची ईद." ते हसले. "कधी नाय ओळखत."

"वाईट वाटत असेल, मामू."

"वाटायचं पहिल्यांदा. आता बोलतो, इतकी वर्षं तिनं माझी वाट बघितली, एकटीनं. अजून बघते. फक्त आता मी तिच्या समोर बसलेला असतो."

तेवढ्यात घरातून मामींची हाक आली. साऱ्या वळणाला ऐकू जाईल अशी. "अहो पाहुणे! कुठं गेलात? भाकरी निवतेय!"

"आज पाहुणा," मामू म्हणाले. गाडीचं दार त्यांनी नीट लावून घेतलं, खिडकीशी वाकले आणि डोळे मिचकावले. "चांगलं असतं ते पण. पाहुण्याला ती जास्त वाढते."

आणि गुडघा सांभाळत, "आलो गो, आलो!" असं ओरडत ते अंगणाकडे वळले.